डावीकडून चौथं निशाण

आमच्या शेजारच्या फ्रिडलीच्या बंदुकीचे जेवढे लाड होतात तेवढे त्याच्या बायकोचे होत नाहीत, असं मी एकदा दोघांच्या तोंडावर म्हणाले. फ्रिडली गुरगुरला. रेगुला, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "लाडांचं सोड लिस्बेट, कपाटात जागासुद्धा तिलाच जास्त आहे."

बंदूक म्हणजे लष्कराची जुनी कार्बाइन. लष्कराने नव्या रायफली घेतल्या आणि जुन्यांची विक्री काढली, तेव्हा फ्रिडली जाऊन एक घेऊन आला. सहज उचलून नाही आणली. जन्मभर चीज बनवलेला माणूस तो. तळघरातलं चीजचं चाक टिचकी मारून, हुंगून पारखावं तसं त्याने रांगेतल्या एकेका बंदुकीचं लाकूड ठोकून, हुंगून पाहिलं. मागे लोक खोळंबले. शेवटी अक्रोडाच्या दस्त्याची एक छातीशी धरून स्वारी बसमधून घरी आली. माझी आई सांगायची, लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर येतानाही त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता.

तेव्हापासून ती त्यांच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात, रेगुलाच्या हिवाळी कोटांच्या मागे उभी. वसंत आला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी व्हायची, आणि त्या रात्री उकडलेल्या बटाट्यांनाही ग्रीसचा वास यायचा. हे सगळं कशासाठी? तर मे महिना सरता सरता सगळा देश आपापल्या गावच्या मैदानावर पालथा पडून गोळ्या झाडतो, त्या मैदानी नेमबाजीसाठी. चांगले गुण पडले की छातीवर लावायला पानांच्या कड्याचा छोटासा बिल्ला मिळतो. फ्रिडलीने तो दरवर्षी मिळवलाय. त्याच्या नेमबाजीच्या टोपीवर आता इतके बिल्ले आहेत की वाऱ्यात तो चालला की गळ्यात घंटा बांधलेली बकरी आल्यासारखं वाटतं.

पण गेली काही वर्षं बिल्ला काठावर मिळत होता. रेगुलाने मागच्या शरदात दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून घेतला आणि आता तिला समोरच्या कड्यावरच्या रानबकऱ्यांची शिंगं दिसतात. "तूही जाऊन ये," म्हणून ती फ्रिडलीच्या मागे लागली होती. "माझे डोळे ठणठणीत आहेत," असं तो म्हणायचा, आणि म्हणता म्हणता साखरेऐवजी कॉफीत मीठ घालायचा. मग तोंड वाकडं न करता ती पिऊन टाकायचा. हट्टीपणा असावा तर असा.

आता पैजेचं सांगते. आमच्या ग्लारुस प्रांतात मे महिन्यात सगळे लोक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. त्या दिवशी दुपारी घरोघरी वासराचे सॉसेज शिजतात. यंदा आम्ही ते फ्रिडलीकडे खाल्ले. रेगुलाचा भाऊ मेल्कही होता. मेल्कचा त्या कार्बाइनवर कित्येक वर्षं डोळा आहे. दुसरा ग्लास झाला तसा तो म्हणाला, "काय मेव्हण्या, यंदा तुला बिल्ला मिळतो की मी माझ्यातला एक उसना देऊ?"

"तुझे तुझ्याकडेच ठेव. मोजके तर आहेत."

"मग लागू दे पैज. यंदा बिल्ला हुकला तर कार्बाइन माझ्या घरी येणार."

फ्रिडलीने टेबलावरून हात पुढे केला. मेल्कने तो धरला. झालं! आमच्याकडे हात वर केला की कायदा होतो, मग हातात हात दिला तर काय होत असेल ते तुम्हीच समजा. रेगुला ताटं उचलत होती. ती इतकंच म्हणाली, "बरं होईल. माझ्या कोटांना जरा हवा लागेल." पण ताटं मात्र तिने धाडकन ठेवली, ते मी ऐकलं.

नेमबाजीच्या रविवारी प्रार्थना संपल्याशिवाय मैदानावर गोळी सुटत नाही. घंटा थांबल्या तसे आम्ही सगळे पोचलो. मी दरवर्षी गुण टिपायला बसते. नेमबाजाच्या मागे स्टूल, पुढ्यात छोटा पडदा. गोळी कुठे लागली ते त्यावर उमटतं. मला चौथी जागा मिळाली, आणि तिथे नेमका फ्रिडली आला. शेजारी पाचव्या जागेवर मेल्क. रेगुला पलीकडे मोठ्या पातेल्यातलं बटाट्याचं सॅलड वाढत होती.

"लिस्बेट," फ्रिडली चटईवर टेकत म्हणाला, "मी आडवा झालो की तोंड बंद. तुला जमेल?"

"प्रयत्न करते."

मैदानप्रमुख काश्परने वाळूची पिशवी आणली. फ्रिडलीच्या वयाला बंदूक टेकवायला आधार चालतो. "घे की, नियमात आहे."

"म्हाताऱ्यांना दे," म्हणत त्याने ती सरकवली, कानांवर झाकणं चढवली आणि बोल्ट ओढला. त्या कार्बाइनचा बोल्ट सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा, लोण्याच्या भांड्याचं झाकण सरकवल्यासारखा. नुसता आवाज ऐकावा. मग तो डोळे बारीक करून पलीकडच्या उतारावरच्या निशाणांकडे बराच वेळ बघत राहिला. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय.

पहिली गोळी सुटली. माझा पडदा कोराच. यंत्र बिघडलं म्हणून मी पडद्याला टपली मारली. तेवढ्यात शेजारी मेल्क ओरडला, "अरे! मी अजून चापाला बोट लावलं नाही, आणि माझी गोळी मधोमध बसली!"

दुसरी गोळी. माझा पडदा कोरा. मेल्कच्या पडद्यावर आणखी एक, पहिलीला चिकटून. आता मला उमगलं. मी फ्रिडलीच्या बुटाला हात लावला, तर त्याने माशी उडवावी तसा पाय झटकला. "फ्रिडली! अरे थांब!" कानांवर झाकणं असल्यावर कुठलं ऐकू येणार! मी त्याची विजार ओढली. त्याने मान न वळवता "निघ!" म्हटलं आणि तिसरी झाडली. मेल्क एव्हाना बंदूक बाजूला ठेवून पोट धरून हसत होता. "मारत राहा मेव्हण्या! आज मला घाम न गाळता बक्षीस मिळणार!"

शेवटी काश्परने शिटी फुंकली आणि फ्रिडलीच्या कानावरचं एक झाकण स्वतःच्या हाताने उचललं.

"फ्रिडली, कुठल्या निशाणावर मारतोयस?"

"चौथ्या."

"तुझ्या गोळ्या पाचव्यावर जाताहेत."

"शक्य नाही. डावीकडून बरोबर चौथं..." तो बोलता बोलता थांबला.

उतारावर प्रत्येक निशाणाखाली दरवाजाएवढा आकडा रंगवलाय. तो वाचायचा सोडून कुणी डावीकडून मोजत बसेल? काश्परच्याही ते लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "पहिल्या निशाणाची चौकट परवाच काढली. एका गाईने अंग घासून वाकवली होती. आकडे तसेच आहेत, पण मोजायला बसलं तर..."

सॅलडच्या रांगेतले लोक ताटं घेऊन जवळ सरकले. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आकडा न दिसता, पांढरे ठिपके मोजून बिल्ले मिळवत होता! मला हसायलाही आलं आणि नाहीही. गेलेल्या गोळ्या गेल्याच. परक्या निशाणावर लागलेली गोळी म्हणजे हुकलेली गोळी. तीन शून्यं पडल्यावर बिल्ल्याइतके गुण होणं शक्य नव्हतं; यंदाचा बिल्ला गेला. फ्रिडलीने उठून बंदूक मोकळी केली, आणि दस्त्यावरची नसलेली धूळ बाहीने पुसली.

रेगुला वाढायचा चमचा हातात घेऊनच आली होती. "इतकं दिसत नाही?" ती म्हणाली. "मग परवा दुकानातल्या गर्दीत तू मला लांबून हाक कशी मारलीस?"

"तुझ्या चालण्यावरून," फ्रिडली बुटांकडे बघत म्हणाला. "तू बदकासारखी चालतेस."

रेगुला लाल झाली. माझ्या संसारात इतकं गोड माझ्याशी कुणी कधी बोललं नाही, हे मी जाता जाता नोंदवून ठेवते.

मेल्कला मात्र धीर नव्हता. "सोमवारी आणून दे मेव्हण्या. घोंगडीत नीट गुंडाळ, ओरखडा नको. रेगुला, तुझ्या कोटांची चंगळ झाली."

रेगुलाने भावाकडे बघितलं. लहानपणी हा तिच्या बाहुल्यांबद्दलही असंच 'सोमवारी आणून दे' म्हणत असणार. तिने चमचा माझ्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या.

"काश्पर, आज कुणीही नेम धरू शकतं ना?"

"कुणीही."

"मग मेल्क, हात दे. ह्याच बंदुकीने मी बिल्ला मिळवला तर ती माझ्या कपाटात राहील. फ्रिडलीच्या नाही, माझ्या."

"तू?" मेल्क हसून हसून खोकला. "अगं, तू शेवटची बंदूक उचललीस तेव्हा आपले बाबा होते!"

"होते ना. आणि उन्हापावसात निशाणाखालच्या खड्ड्यात बसून दुसऱ्यांच्या गोळ्या कोण दाखवायचं? तेच. नेम धरायला मलाही त्यांनीच शिकवलं. घाबरलास का?"

सगळं गाव बघत होतं. मेल्कने हात दिला.

ती ॲप्रनसकट चटईवर आडवी झाली. काश्परने भीतभीत वाळूची पिशवी पुढे केली. "आण की," ती म्हणाली, "नियमात बसते ना? मग लाजायचं कशाला?" फ्रिडली मागे गुडघ्यांवर बसला आणि कुजबुजायला लागला, "अर्धा श्वास सोड. चाप दाबायचा नाही, पिळायचा..."

"फ्रिडली, गप्प बस. आकडा मला दिसतोय."

सुरुवातीच्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या. मेल्कने लगेच एक पेला मागवला. मग तिचा हात बसला. भराभर झाडायची फेरी आली तेव्हा तिने तो बोल्ट असा मागेपुढे केला की पोळपाटावर लाटणं फिरतंय असं वाटावं. पडद्यावर ठिपके मधल्या काळ्यात उमटत गेले, आणि मी गुण लिहिताना चमचा अजून काखेत धरलाय हे विसरले. माझी बेरीज काश्परने तपासली. मग मेल्कने तपासली. मग त्याने चष्मा पुसून परत तपासली. बिल्ल्याला लागतात तेवढे झाले होते, आणि वर एक.

काश्परने बिल्ला तिच्या ॲप्रनवर, अंड्याच्या डागाशेजारी टोचला. मेल्कने हात मिळवला. माणूस हावरा असला तरी शब्दाचा आहे. "दर वसंतात साफ कोण करणार मग?" त्याने खोचकपणे विचारलं. "नवरा कशासाठी असतो?" रेगुला म्हणाली.

घरी जाताना मी त्यांच्या मागेच होते. माझी वाट तीच आहे, उगाच काहीतरी समजू नका. पुढे ती, बिल्ला लावून, बदकासारखी. मागे तो, खांद्यावर तिची बंदूक घेऊन. पुलाशी आल्यावर त्याला राहवेना.

"किंचित डावीकडे ओढते का गं ती?"

"दिसायला लागलं की स्वतः बघ. मागशील तेव्हा देईन. पण आधी डोळे."

त्याच आठवड्यात तो बसमध्ये बसून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. एक डोळा झाला, दुसऱ्याची तारीख मिळाली. कार्बाइन हिवाळी कोटांमागे आहे तिथेच आहे. फक्त आता काढताना तो विचारून काढतो. नुकसान झालं ते माझं एकटीचं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी फ्रिडली अंगणात आला, माझ्या खिडकीकडे नीट बघितलं आणि पडद्याआड उभ्या असलेल्या मला हात हलवून म्हणाला, "काय लिस्बेट, तू रोज इथेच उभी असतेस होय?"