कप्तान आणि न पाहिलेला भाग

स्वतःच्या पैशांनी घेतलेला टीव्ही स्वतःच्याच घरात जमिनीवर बसून बघणारा माणूस मी एकच पाहिला. मागे चांगला तीन माणसांचा सोफा होता. त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे आणि कप्तान खाली, मांडी घालून. तेही आंघोळ करून, केस चापूनचोपून, चपला दाराबाहेर काढून. शारजात, अल नहदाला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते, जहाजाशी संबंध शून्य. कप्तान हे नाव माझ्या मुलीनं, जुईनं ठेवलं, कारण ते तिला लिफ्टमध्ये रोज कडक सलाम ठोकायचे.

जमिनीवर बसण्याचं कारण मी एकदा विचारलं. ते जत तालुक्यातले. लहानपणी गावात एकच टीव्ही, तोही बँकेच्या साहेबांकडे. रविवारी सकाळी त्यावर एक परदेशी अंतराळमालिका लागायची. पोरांनी आंघोळ करून यायचं, चपला बाहेर काढायच्या आणि खाली बसायचं. सोफा साहेबांच्या मुलांचा. "इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं? पुढं काय होणार ते आपणच ठरवायचं, बघा," ते म्हणाले. शेवटच्या भागाच्या आठवड्यातच साहेबांची बदली झाली आणि टीव्ही ट्रकमध्ये चढला. यानातली माणसं पृथ्वीवर परत पोचली की नाही, हे कप्तानांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. मोबाइलवर मिनिटभरात कळलं असतं, पण त्यांनी कधी शोधलं नाही.

तीच मालिका त्यांना दुबईत, देऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात डीव्हीडींच्या खोक्यात सापडली. सगळे भाग एकत्र. मी दोन दिवसांत फडशा पाडला असता. कप्तान आठवड्याला एकच भाग बघायचे. इथली सुट्टी शुक्रवारी होती तोवर त्यांनी कुरकुरत शुक्रवारी बघितला. पुढे सुट्टी शनिवार-रविवार झाली तेव्हा ते चक्क पेढे घेऊन आमच्या दारात आले. "साहेब, रविवारची मालिका रविवारी आली." भाग संपत आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटच्या डिस्कचं पाकीट त्यांनी फोडलंच नव्हतं. एकट्यानं काय बघायचं, म्हणायचे.

आता खरं सांगतो. मला हा माणूस सहन होईना. मालिका माझीही होती हो! पुण्यात आमच्या घरी आमचा टीव्ही होता, आमचा सोफा होता. मी ती शेवटपर्यंत पाहिली, पुढे कॉलेजात असताना आणखी दोनदा पाहिली. जुई दहा वर्षांची झाली तेव्हा मी मुद्दाम मालिकेची नवी, स्वच्छ केलेली प्रत आणली, पॉपकॉर्न केले आणि लेकीला शेजारी बसवून प्रत्येक वाक्य पात्रांच्या आधी म्हणून दाखवलं. आता बघ हं काय होतं, आता तो दार उघडणार. पंधराव्या मिनिटाला कार्टी उठली. "बाबा, इट्स सो स्लो." आणि हीच मुलगी दर रविवारी दहाच्या ठोक्याला, आंघोळ करून, समोरच्या दारात हजर.

एका रविवारी तिला जेवायला बोलवायला गेलो. दार अर्धवट उघडं होतं. कप्तानांनी रिमोटनं चित्र थांबवलं आणि विचारलं, "जुई, पुढं काय होईल?" जेवलीस का म्हटलं तरी मला इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोर मांडी घालून बसली होती. ती विचार करून म्हणाली, "ते त्याला सोडून नाही जाणार. दोरी टाकणार." सरळ मराठीत. मी त्यांच्या चपलांशेजारी उभा, आणि अंगाचा नुसता तिळपापड. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, अहो, मुलगी मराठी बोलतेय, आनंद माना. कसला आनंद मानतो.

मग कप्तानांचं काँट्रॅक्ट संपलं. गावी जायचं ठरलं, कायमचंच. जाण्याआधीच्या रविवारी शेवटची डिस्क फोडायची, जुईबरोबर बघायची, असा त्या दोघांचा बेत झाला. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जुई शेवटाची चित्रं काढायची, नऊ-दहा वेगवेगळे शेवट. एकही मला दाखवला नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांच्या हातात गावी न्यायच्या खजुराची पिशवी. रविवारची वाट बघतोय, म्हणाले. चेहरा असा फुललेला की मला बघवेना.

"तसं शेवटी काही विशेष नाही," मी म्हणालो. "परत पोचतच नाहीत ते. दुसऱ्याच एका ग्रहावर उतरतात आणि तिथंच राहतात."

तोंडातून निसटलं वगैरे काही नाही. मी ते मुद्दाम बोललो. कप्तान मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले. तेरावा मजला आला. "असं होय," एवढंच म्हणाले. दाराला किल्ली लावली आणि मागे वळले.

"जुईला नका सांगू."

रविवारी त्यांनी मालिका लावली नाही. सामान आवरायचं राहिलंय, असं जुईला सांगितलं. तिच्या हातात ती न फोडलेली डिस्क दिली, जुना प्लेअर दिला, खाली वाकून कानात काहीतरी सांगितलं आणि सलाम ठोकला. मी त्यांची एक बॅग टॅक्सीपर्यंत नेली. माफी मागायची होती. "सांभाळून जा" एवढंच निघालं.

पुढच्या रविवारी दहा वाजता जुई आंघोळ करून डिस्क घेऊन माझ्यासमोर उभी. मला वाटलं, तिला प्लेअर लावून हवा असेल. तर म्हणाली, माझ्याबरोबर बस. मी म्हटलं, अगं, मी तर हे...

"आय नो," ती म्हणाली. "कप्तान टोल्ड मी. तू पण शेवटचा पार्ट नाही बघितला. त्या दिवशी पुण्यात लाइट गेलेले. यू फील शाय टू टेल."

ज्याच्या तोंडचा घास मी काढून घेतला, तो जाता जाता माझं पान वाढून गेला होता. आणि निर्लज्जपणे सांगतो, तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. हे असलं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मी सोफ्यावर बसायला गेलो, तिनं खालच्या फरशीवर हात आपटला. गुडघे कुरकुरले, पण बसलो. वाक्यं ओठांवर येत होती, ती गिळली. यान हेलकावे खायला लागलं तेव्हा जुईनं रिमोट उचलला, चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, पुढं काय होईल?"

"काय माहीत," मी म्हणालो. "आमचे तेव्हा लाइट गेले होते."