साइमाचा शेक

साइमा हेइक्किनेनच्या हाताला गुण आहे, असं तळ्याकाठच्या सगळ्या वस्तीत म्हणायचे. लचकलेली कंबर असो, आखडलेली मान असो, माणूस आधी तिच्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, फळीवर येऊन पालथा पडणार. गरम वाफ, मालीश, वेळ पडली तर तुंबड्या. दवाखाना तासाभरावर आणि साइमा हाकेवर. मग काय!

तिचा नवरा तौनो जंगलात अस्वलाच्या वाटेवर एकटा बेरी खुडायला जायचा, पण दाताचा डॉक्टर म्हटलं की भित्री भागूबाई. लहानपणी शाळेत फिरता डॉक्टर यायचा. शिपाई पोरांचे पाय दाबून धरायचा आणि दाढ उपटली जायची. तेव्हापासून तौनोने कुणापुढे आ केला नाही. हलणारे दात बोटीच्या खोपीत पकडीने स्वतःच काढायचा. साइमा हसून म्हणायची, "दात त्याचे, पकड त्याची, मी कशाला मध्ये पडू?" दात म्हणजे काही दुखणं आहे, असं तिलाही वाटत नव्हतं.

त्या शनिवारी तौनोचा गाल टम्म सुजला, अंगात ताप भरला.

"दवाखान्यात फोन लावू?" साइमाने विचारलं.

"मेलो तरी नाही. तू शेक दे, बास."

खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरंच वाटलं. भर दुपारी तिने सौना पेटवला. तापल्या दगडांवर पाणी ओतलं, गालावर पाइनच्या लाकडातून काढलेल्या गरम डांबराची पट्टी बांधली, पोटात दोन घोट दारू. तौनो घामाने निथळला आणि म्हणाला, "उतरलं बघ."

कुठलं उतरतंय! कॉफीचा पहिला घोट तोंडात घेतला आणि तो तसाच बाहेर आला. गिळताच येईना. साइमाने त्याच्या हनुवटीखाली बोटं लावली, तर तिथे लाकडासारखं कडक. जीभ वर उचललेली, लाळ गळतेय, बोलणं तोंडात बटाटा कोंबल्यासारखं. आडवं करायला गेली तर श्वासच अडकला. फोनवर तिला स्वतःचा पत्तासुद्धा धड सांगता येईना.

रुग्णवाहिकेतल्या पोरसवदा माणसाने विचारलं, "शेक वगैरे दिला होता का?"

"नाही," साइमा म्हणाली.

तौनोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं, नुसतं पाहिलं. आमच्या तळ्याकाठी म्हणतात, सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही, ते दुखणं मरणाचं. साइमाने तिन्ही करून पाहिली होती. गाडी सुसाट चालली होती आणि ती मनात एकच म्हणत होती, देवा, श्वास घेऊ दे त्याला, एवढा श्वास घेऊ दे.

दवाखान्यात तौनोच्या गळ्यात नळी घातली, मान चिरून पू काढला, दाढ काढली. "पू छातीत उतरायच्या बेतात होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाताचं दुखणं दातापाशी थांबत नाही, आजी. तोंड काय शरीराच्या बाहेर असतं?" साइमाने मान खाली घातली. बाईंची पावलं वाजली की तिला वाटायचं, आता पुन्हा शेकाचं विचारणार. कुणी विचारलं नाही.

तौनो वाचला. अर्धा होऊन घरी आला. आणि वस्तीत बातमी पसरली, साइमाच्या शेकाने तग धरला म्हणून वाचला! लोक कौतुक करायचे, साइमा गप्प बसायची. खरं कळलं तर कोण येईल या फळीवर, या भीतीने जीव नुसता टांगणीला.

मग एका बुधवारी शेजारची केर्तू आली. तान्हं पोर बाबागाडीत, गालाला रुमाल बांधलेला.

"काकू, ठणक सोसवत नाही. दवाखान्याचं नाव काढू नका, मला फार भीती वाटते. तौनोकाकांना वाचवलंत तसा मलाही शेक द्या ना."

तौनो पायरीवर बसला होता. त्याने वर पाहिलं, रुग्णवाहिकेत पाहिलं होतं अगदी तसंच. साइमाने बाबागाडीतल्या पोराकडे पाहिलं.

"मी नाही गं वाचवलं त्याला," ती म्हणाली. "मी मारलंच होतं. शेकाने दुखणं आणखी पसरलं. आणि विचारलं तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले."

केर्तूचा हात गालावरच्या रुमालाकडे गेला.

"शेक मीच मागितला होता," तौनो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मागणारा मागतोच. देणारीने नाही म्हणायचं असतं," साइमा म्हणाली. गाडीची किल्ली आणून तिने तौनोच्या हातात दिली. "केर्तू, पोराला घे आणि गाडीत बस. भीती वाटतेय ना? वाटू दे. मलाही वाटतेय."