सायबीण शेजारच्या घरी जाते

कोल्हापूर सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर शेवंतीच्या फुलांची पाटी होती आणि डोक्यात राग होता. फुलं फिलूसाठी, राग तिच्या दिरावर. फिलू म्हणजे फिलोमिना. कोल्हापुरात एकाच इस्पितळात आम्ही उभा जन्म नर्स म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याच्या गावी, गोव्यात पेडणे तालुक्यात राहायला गेली. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला. "शालू, सायबीण येतली आमगेर (आमच्या घरी). तू ये. मला एकटीला हे झेपायचं नाही."

सायबीण म्हणजे मदर मेरीची मूर्ती. भातकापणी उरकली की गोव्यातल्या ख्रिस्ती वाड्यांवर ती घरोघर फिरते. प्रत्येक घरी एक दिवस मुक्काम. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची माणसं तिला पुढच्या घरी पोचवतात. इतकं साधं. पण फिलूच्या घराच्या पुढचं घर तिच्या थोरल्या दिराचं, जुवांवचं. जुवांव आणि फिलूचा नवरा इनास हे सख्खे भाऊ, मध्ये एक गडगा (दगडी कुंपण), आणि कित्येक वर्षांत एक शब्द नाही.

कारण मला फिलूनं पूर्वीच सांगितलं होतं. सासू वारली तेव्हा जुवांव बोटीवर होता. त्याला फोन लागला नाही, म्हणून इनासनं आईला पुरलं. मागाहून बातमी कळून जुवांव चार दिवसांनी घरी पोचला, मातीवर फुलं ठेवली, आणि त्यानंतर धाकट्या भावाच्या घराची पायरी चढला नाही. आता समुद्रात असलेल्या माणसाला फोन लागला नाही यात इनासचा काय दोष? मी तर फिलूला म्हणायचे, तुझा दीर म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न जाणारा.

आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत बस धुक्यातून गेली. शेजारी बेळगावकडचे दोन गवंडी होते, पेडण्यात विमानतळाजवळ इमारतींच्या कामावर निघालेले. एकानं झोपेत माझ्या पाटीवर डोकं टेकलं आणि शेवंतीचा एक कोपरा सपाट केला. बांदा मागं पडलं, पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली आणि रस्ता एकदम रुंद झाला. धारगळला उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. इनास स्कूटर घेऊन उभा होता. उंच, वाकलेला, मोजकं बोलणारा. वाटेत त्यानं मला पातळभाजी आणि पाव खायला घातला. मी विचारलं, "काय म्हणतोय तुमचा भाऊ?" त्यानं पाव बुडवून बुडवून पार लगदा केला आणि म्हणाला, "शालूबाय, आनीक एक पाव घेयात." मी तो घेतला.

हमरस्ता सोडून आत वळलं की दुनिया बदलते. कापलेली शेतं, त्यात बसलेल्या म्हशी, वडाखाली देवचाराची (गावच्या राखणदाराची) घुमटी आणि जरा पुढं तिठ्यावर पांढरा खुरीस (क्रूस). दोन्हींसमोर मेणबत्त्या. हा तालुका बहुतेक हिंदूंचा. ख्रिस्ती वाडा एवढासाच, दहा-बारा घरं. पण सायबीण फिरू लागली की हिंदू बायकाही अबोलीच्या फाती (गजरे) घेऊन येतात. फिलूची शेजारीण सुलोचनाबाई तर सायबिणीची सारी गाणी पाठ म्हणते. मंगळवारी देवळात फुगडी घालते आणि बुधवारी इथं वरच्या पट्टीत कोंकणी भजन.

घरात पाय ठेवला तर फिलू खुर्चीवर चढून पडदे लावत होती. तोंड उतरलेलं. मी आधी तिला खाली उतरवलं, मग रक्तदाब मोजला. तो बघून माझंच डोकं उठलं.

"गोळी घेतलीस का?"

"घेतली गं. शालू, उद्या काय होईल?"

इतकी वर्षं गावानं यातून एक पळवाट काढली होती. इनासच्या घरून सायबीण कपेलीत (वाड्यावरच्या छोट्या प्रार्थनाघरात) जायची आणि तिथून जुवांव तिला आपल्या घरी न्यायचा. देवीची सोय झाली, भावांचीही झाली. पण यंदा नवीन पाद्र (धर्मगुरू) आले. तरुण, चष्मेवाले, आवाज मऊ. त्यांनी भर मिसेत (चर्चमधल्या उपासनेत) सांगून टाकलं की सायबीण विश्रांतीला कपेलीत येणार नाही. एका घरानं द्यायची, दुसऱ्यानं घ्यायची. हात पुढं आला नाही तर ती थंयच रावतली, जिथं आहे तिथंच राहील.

म्हणजे जुवांवनं दार उघडलं नाही तर सायबीण फिलूच्या घरात अडकणार. पुढच्या घरांनी भिंती रंगवल्या होत्या, एका घरात लेक बाळंतपणाला आली होती आणि तिची आई सायबिणीच्या वाटेकडं डोळे लावून होती. त्या सगळ्यांच्या घरी ती जाणार नाही, आणि बोल लागणार फिलूच्या उंबऱ्याला. "मला इथंच मरायचंय शालू," ती म्हणाली. "उद्या हे लोक माझ्याशी कसे बोलतील?" मी तिला धीर दिला.

त्या संध्याकाळी सायबीण आली. हातभर उंचीची मूर्ती, निळा झगा, काच लावलेल्या लाकडी पेटीत. मी शेवंती वाहिली आणि सवयीनं कुंकवाची डबी काढली. फिलूनं डोळे असे वटारले की डबी आपोआप पिशवीत गेली. सुलोचनाबाई हसून म्हणाल्या, "हांवूंय पयलें तशेंच केल्लें." (मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं.) तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाली, लादीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) झाली. लादीन दोन आवाजांत गातात, पण इनास एकटाच गात होता. फिलू माझ्या कानात म्हणाली, "दुसरा आवाज जुवांवचा असायचा." पलीकडं गडग्यापाशी विडीचा लाल ठिपका दिसत होता. मला वाटलं, बघा, मजा बघतोय.

दुसरा दिवस सरता सरेना. जेवणात सुंगटांचं हुमण (कोळंबीचं कालवण) आणि उकड्या तांदळाचा भात. एरवी मी अशा जेवणावर ताव मारते, पण त्या दिवशी तिघंही भात चिवडत बसलो. जुवांवच्या घराची पुढची दारं सकाळपासून बंद होती. दुपारी एक बाई येऊन सांगून गेली, तो बाहेर गेलाय. मग दुसरी म्हणाली, परत आला, पण कुणाशी बोलला नाही. इनास बालकांवात (घरापुढच्या ओसरीवर) खुर्ची टाकून बसला होता. त्यानं चहा घेतला नाही, की दाढी केली नाही.

दिवेलागणीला सारा वाडा अंगणात जमला. पाद्रही आले आणि मागं उभे राहिले. या वाड्याचा एक नेम आहे. सायबीण एकदा उचलली की नव्या घरात बसेपर्यंत गाणं थांबवायचं नाही. फिलूनं मूर्ती उचलली, सुलोचनाबाईंनी सूर लावला, मेणबत्त्या पेटल्या आणि आम्ही निघालो. अंतर ते किती? गडग्याला वळसा घातला की झालं.  मी फिलूच्या शेजारून चालत होते, एक हात तिच्या पाठीशी. आणि तोंडात जुवांवला सुनवायची चार वाक्यं तयार ठेवली होती. अगदी कोल्हापुरी.

आम्ही वळलो आणि दार सताड उघडं होतं.

घरभर दिवे. पायरीवर फुलांची रांगोळी. जुवांव नवा सदरा घालून उंबऱ्यात उभा, हातात पेटती मेणबत्ती, बाजूला त्याची बायको. जुवांव इनासपेक्षा बुटका, पण तोच वाकलेला खांदा. फिलूला रडू फुटलं. तिनं मूर्ती पुढं केली.

जुवांवनं हात पुढं केला नाही. त्यानं आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली, एकदा, परत एकदा. मग हळूच म्हणाला, "तो खंय आसा?"

आम्ही सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. इनास नव्हता.

"घरच्या धन्यान हाडची पडटा," जुवांव म्हणाला. (घरच्या धन्यानं आणायची असते.) "ताका हाडूंक सांग." (त्याला आणायला सांग.)

आता काय करायचं? मूर्ती फिलूच्या हातात, खाली ठेवता येत नाही, मागं नेता येत नाही आणि गाणं थांबवता येत नाही. सुलोचनाबाईंनी संपलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. फिलूचे हात थरथरायला लागले होते. दुसऱ्या कुणी मूर्ती घेऊ का विचारलं तर तिनं मान हलवली. तिचा रक्तदाब त्या सगळ्या गर्दीत फक्त मला ठाऊक होता. मी पाद्रंकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत होते. मी पदर खोचला आणि उलटी धावले.

इनास बालकांवातच होता, अंधारात.

"उठा," मी म्हटलं.

"शालूबाय, हांव येना."

"तुमच्या भावानं दार उघडलंय. दिवे लावलेत. आता तुमचा कसला रुसवा?"

"रोसवो न्हय." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्याच्या बोलीत, अडखळत, तो बोलला. फोन लागला होता. जुवांव बोटीवरून रडत म्हणाला होता, मी येतोय, मांयला ठेव. इनास म्हणाला होता, राकतां. थांबतो. पण पाहुणे जमले, लोक म्हणू लागले किती थांबायचं, कशाला थांबायचं, आणि याला नाही म्हणता आलं नाही. आईला पुरलं. मग गावानं विचारलं तेव्हा यानं सांगितलं, फोन लागलाच नाही. बायकोलाही तेच सांगितलं. "आतां सगल्यां मुखार तो माका विचारतलो." (आता सगळ्यांसमोर तो मला विचारील.)

 इतकी वर्षं मी ज्या माणसाला नावं ठेवली तो तिकडं मेणबत्ती धरून उभा होता. मला इनासचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. गाणं तिसऱ्यांदा सुरू झालेलं ऐकू येत होतं. आवाज बसायला लागले होते.

"विचारू दे," मी म्हटलं. "विचारायला त्याला किती वर्षं लावलीत तुम्ही! पण तिकडं फिलू उभी आहे आणि तिचे हात थरथरतायत. ती पडली तर मी तुम्हाला सोडणार नाही."

तो उठला. अनवाणीच निघाला.

गर्दीनं वाट दिली. इनासनं फिलूच्या हातून मूर्ती घेतली आणि पायरीपाशी गेला. मला वाटलं, देईल आणि मोकळा होईल. पण तो थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जुवांव, फोन लागिल्लो. राकतां म्हण हांवेंच सांगिल्लें. मागीर राकूंक ना. वाड्याक फट सांगली." (थांबतो म्हणून मीच सांगितलं होतं. मग थांबलो नाही. वाड्याला खोटं सांगितलं.)

गाणं थांबलं. नेम मोडला आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. फिलूनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

जुवांवनं भावाकडं पाहिलं. मग म्हणाला, "माका खबर ना? फोनार हांवूंच आशिल्लों मरे!"

कुणीतरी चुकून हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. खरंच की. फोनच्या दुसऱ्या टोकाला हाच तर होता. वाड्यातल्या प्रत्येकानं त्याला हट्टी म्हटलं, तापट म्हटलं, आणि सारं ठाऊक असून जुवांवनं एक शब्द काढला नव्हता.

इनासनं विचारलं, "मागीर... कोणाक सांगूंक कित्याक ना?" (मग कुणाला सांगितलं का नाहीस?)

"हांव तारवार वचपी मनीस," जुवांव म्हणाला. "तुका हांगाच रावूंक आशिल्लें." (मी बोटीवर जाणारा माणूस. तुला इथंच राहायचं होतं.)

त्यानं मेणबत्ती बायकोकडं दिली आणि मूर्ती घ्यायला हात पुढं केले. बराच वेळ ती पेटी दोघांच्याही हातात होती. इनास मान खाली घालून रडत होता, आणि खरं सांगते, मी पण. सुलोचनाबाईंनी घसा साफ केला आणि चौथ्यांदा सुरुवात केली. सायबीण आत गेली.

त्या घरात चणे वाटले. लादीन दोन आवाजांत झाली. फारशी सुरेल नव्हती. जुवांव दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. पुढच्या घरची मंडळी अंगण सारवत होती. फिलूचा रक्तदाब उतरला होता, पण ती नवऱ्याशी बोलत नव्हती. "त्याच्याशी माझा हिशेब वेगळा," ती म्हणाली, आणि ते मला पटलं. आपण फार सहज म्हणतो, भांडणापेक्षा अबोला बरा. मीही म्हणत आले. त्या दोन घरांमधला अबोला मी पाहिला. त्यात एकाला रोज भीती होती आणि दुसऱ्याला रोज गप्प बसायचं होतं, आणि बाहेरून आम्हाला तो नुसता एका म्हाताऱ्याचा ताठा वाटला.

जुवांवनं मला गाडीतून हमरस्त्यावर सोडलं. इनास पुढं त्याच्या शेजारी बसला. वाटभर दोघं समोर बघत गप्प. मला वाटलं, संपलं वाटतं बोलायचं. धारगळला उतरलो आणि इनास म्हणाला, बस पुलाच्या अलीकडं थांबते. जुवांव म्हणाला, पलीकडं. इनास म्हणाला, तुला काय माहीत, तू जन्म पाण्यात काढलास. जुवांव म्हणाला, आणि तू खुर्चीत. आवाज चढले. पानवाला दुकानातून डोकावला. तेवढ्यात बस आली, ती दोघांनी सांगितलेल्या जागा सोडून भलतीकडंच थांबली. मी पिशवी घेऊन पळाले आणि धापा टाकत चढले.

खिडकीशी बसून हात केला. पण ते दोघे रस्त्याच्या कडेला, एकमेकांसमोर बोटं नाचवत, मोठमोठ्यानं भांडत होते. माझ्याकडं बघायचं दोघांनाही सुचलं नाही. बस हलली तरी मी हात करत राहिले.