एकच पंगत

माझ्या लग्नाला चाळीस माणसं होती. तासगावजवळच्या आमच्या गावात हजार पानं उठल्याशिवाय लग्न झालं असं कुणी धरत नाही, त्यामुळं आकडा कळला तसे लोक आधी माझ्या तोंडाकडं आणि मग पोटाकडं बघायला लागले. कुठंतरी पाणी मुरतंय, असं सगळ्यांचं ठरलं. मुरू दे म्हटलं. दुधाच्या डेअरीपाशी एका काकूंनी फारच काळजीनं विचारपूस केली, तेव्हा मी त्यांना सांगितलं की तसं काही असतं तर मी पंधराच माणसं बोलावली असती.

खरं कारण माझे वडील होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि द्राक्षबागेत लागले, पण गावात त्यांची ओळख पंगतीवरून. कुणाचंही लग्न असो, वाढप आण्णांकडं. किती पोरं कुठल्या रांगेला, भात कधी, मठ्ठा कधी, पाणी कुणाकडं, हे ते मांडवात उभे राहून नुसत्या नजरेनं चालवायचे. त्यांच्या हाताखाली कधी जेवण कमी पडलं नाही आणि कुणी अर्धपोटी उठलं नाही. ते स्वतः मात्र सगळ्यात शेवटी जेवायचे. जेवायचे असं तरी का म्हणू?

मी कॉलेजात असताना चुलतबहिणीच्या लग्नात त्यांना मांडवामागं बघितलं. पालथ्या पातेल्यावर बसून उरलंसुरलं खात होते. चार घास झाले असतील, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली की शेवटच्या रांगेत पाणी नाही. ताट तसंच खाली ठेवून ते गेले. परत आले तोवर कुणीतरी ताट विसळून चळतीत लावलं होतं. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि पुढच्या कामाला लागले. मला आलेला राग अजून गेलेला नाही. हाक मारणाऱ्याचा आला तसा आण्णांचाही आला.

त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्या लग्नात हा माणूस पहिल्या पंगतीला बसेल. हजार माणसांत ते होणं शक्य नव्हतं. एकतर मुलीच्या आईबापाला अक्षता पडेपर्यंत उपास, त्यानंतर त्यांनी हात जोडून पंगतीपंगतीतून फिरायचं, आणि आमचे आण्णा तर दुसऱ्याच्या लग्नातही बादली सोडत नाहीत. म्हणून पंगत एकच हवी होती. सगळे एकदम बसतील आणि मागं जेवायला कुणी उरणारच नाही.

घरात मी हे कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आण्णांनी हसून उडवून लावलं असतं. मला गाजावाजा आवडत नाही, एवढंच मी म्हणाले, आणि तिथं चुकले. मी कुपवाडला एका कारखान्यात माल तपासायचं काम करते, तेव्हा सांगलीत विश्रामबागेला खोली घेऊन राहत होते. आण्णांना वाटलं, पोरीला आता गावाची लाज वाटते. मी रजेवर घरी आले होते, तरी चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बागेतून यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि आईला निरोप सांगायचे, मी समोर बसलेली असताना.

तेवढ्यात थोरले चुलते आले. भावकीला डावललं तर आमच्यातलं कुणीच येणार नाही, असं त्यांनी खाटेवर बसून जाहीर केलं. मी म्हणाले, मग तर माझं काम सोपं झालं. आईनं मला कोपरानं ढोसलं. चुलते चहा न घेता गेले, आणि ते गेल्यावर आण्णा चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"आजवर गावाला वाढलं. आन माझ्याच दारात पंगत न्हाई. माझं काय चुकलं तेवढं सांग."

मग मला सांगावंच लागलं. "आण्णा, हजार पानं उठली तर तुमी त्या दिवशीबी बादली घिऊन पळणार. मला तुमाला बसून जेवताना बघायचं हाय. एवढंच हाय माझं."

ते मग म्हणाले, "बापानं लेकीच्या लग्नात बसून खायाचं? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. त्याच्याआधी तुमी बुंदी खाऊन घ्या."

त्यांना हसू आलं, पण हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते बेदाण्याच्या शेडपुढच्या पटांगणात सुतळी धरून मोजत होते. बेदाण्याचा हंगाम लांब होता, शेड रिकामी होती. एका ओळीत वीस पानं, अशा दोन ओळी, मधून वाढप्याला चालायला वाट. मी पन्नास म्हणत होते, त्यांनी चाळीस केले. दाटीवाटीत माणूस जेवत नाही, नुसता गिळतो, असं त्यांचं म्हणणं. यादी त्यांनीच केली. आमच्या विसांत भटजी होते, आचारी होते आणि चुलतेही होते.

नवरा साताऱ्याचा, तिथं शाळेत शिकवतो. त्याच्या आईची पहिली यादी वहीची चार पानं भरून आली होती. तीही हट्टाला कमी नाही, पण कारण ऐकल्यावर तिनं स्वतःच्या माहेरची अर्धी माणसं आपल्या हातानं खोडली. त्यानं मुख्याध्यापकांना गाळलं आणि पुढं कित्येक महिने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सोसल्या. मोठाच प्रश्न शेवटी निघाला. सगळेच बसणार, तर वाढणार कोण? मी म्हणाले, आपण दोघं. तो म्हणाला, मला वाढता येत नाही. म्हटलं, शीक.

लग्नादिवशी अक्षता पडल्या, हार घातले, आणि वाजंत्री थांबायच्या आत मी शालूचा पदर खोचला. चाळीस माणसं पानावर बसली. आईशेजारी आण्णा बसले, ताठ, कवायतीला बसल्यासारखे. मी भाताचं पातेलं उचललं, नवऱ्यानं मठ्ठ्याची बादली घेतली आणि पहिल्याच पानावर मठ्ठा बुंदीत ओतला. नवरी वाढती व्हय कुठं, असं चुलते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले. ते आले होते, भलामोठा फेटा बांधून. आण्णांचा उजवा पाय हलला. ते उठणार हे मला कळलं. मी जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. हटले नाही. ते पुन्हा मांडी घालून बसले.

मी भात वाढला, वर तूप घातलं, आणि आयुष्यभर ते दुसऱ्यांना जे म्हणत आले तेच मी त्यांना म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

पहिले काही घास त्यांनी सवयीनं भराभर खाल्ले. मग हात मंदावला. वांग्याची भाजी त्यांनी मागून घेतली. आईकडं वाकून काहीतरी म्हणाले, ती हसली. भात दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. तोवर बाकीच्यांची जेवणं उरकली होती. पंगतीतलं शेवटचं माणूस जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सगळे उष्टे हात वाळवत बसले होते. चुलत्यांना कुठंतरी जायचं असावं, ते सारखे घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी पानाला हात जोडले आणि उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला.

आण्णांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "माझं जेवाण व्हायचं हाय."

चुलते खाली बसले. मी बुंदी घेऊन आले.