कमरेच्या मापाची गाडी

आमच्या गावात दोन घरांआड एक फौजी. त्यामुळे नवऱ्याची वाट बघणं इथं कुणाला विशेष वाटत नाही. ज्वारी काढण्यासारखंच ते एक काम, सगळ्याच बायका करतात. मीही केलं. पण गेल्या हिवाळ्यात आमचे हे आले, ती त्यांची शेवटची सुट्टी होती. पुढच्या खेपेला ट्रंक घेऊन कायमचे येणार, पेन्शन सुरू होणार, असं ठरलेलं. म्हणजे मी ठरवलेलं. विचारलं की हे नुसते हसायचे, आणि त्या हसण्याला मी होकार समजून बसले होते.

मनातल्या मनात तर मी सगळं मांडूनही टाकलं होतं. पिकअप हे चालवणार, मी शेजारी मांडी घालून बसणार, वडूजच्या बाजारात माल उतरला की दोघं उभ्या उभ्या गरम भजी खाणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी बाजारात भजी खाल्ल्याचं मला आठवत नाही. लोकांना बंगले हवे असतात. मला एवढंच हवं होतं.

पिकअप आम्ही जुनी घेतलेली. आधीचा मालक तिकडं कुंडलकडचा, ऊस ओढणारा. जास्त वजन झेपावं म्हणून त्यानं मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले होते. उसाच्या ओझ्याखाली ती बसत असेल, पण आमच्या माळाला ऊस कुठला? टोमॅटो आणि घेवडा घेऊन ती कायम मागून उंचच उंच. चालवायला मला यांनीच आधीच्या एका सुट्टीत शिकवलं, त्यात माझा हात बसला. पण भरायची कशी? मी अंगानं बुटकी, हौद्याचा तळ माझ्या छातीला यायचा. टोमॅटोचं कॅरेट आधी गुडघ्यावर, मग पोटावर घ्यायचं आणि देवाचं नाव घेऊन वर ढकलायचं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना पाठीतून कळ यायची. बांधावरून जाणाऱ्या कुणाला हाक मारता आली असती. पण हाक मारली की उपकार आले, आणि उपकारामागोमाग "फौजी कवा येणार?" हे आलंच. त्यापेक्षा पाठ दुखलेली परवडली.

हे आले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मला कॅरेट चढवताना पाहिलं. धावत आले, हातातलं काढून घेतलं आणि बाकीची सगळी गाडी एकट्यानं भरली.  मी दिवसभर हवेत होते.

त्यानंतर सुट्टी गेली ती वडूजच्या गॅरेजात. उठले की गाडी घेऊन तिकडं. माझ्या माहेरी जायचं राहिलं, देवाला जायचं राहिलं. शेवटी मी सुनावलंच, "माझ्यापरास तिच्यासंगंच लगीन लावायचं हुतं." तर हे म्हणाले, "तिला नीट केली तर तुझंच भलं हाय गं." आणि एक दिवस म्हणाले, "चल, आज तुझं काम हाय."

गॅरेजात गेले तर वाढवलेले पाटे काढून बाजूला टाकलेले. राहिलेल्या पाट्यांची कमानही मिस्त्री उतरवत होता, म्हणजे हौदा आणखी खाली बसेल. यांनी हौद्याचा मागचा फाळका उघडला, माझ्या हातात भरलेलं कॅरेट दिलं आणि मला गाडीमागं उभं केलं. शिंप्याकडं ब्लाऊजचं माप द्यावं तशी मी उभी. मिस्त्रीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा यांच्या उंचीकडं.

"फौजी, लय खाली जातंय. हितं बसवली तर तुमाला भरताना वाकाय लागंल की."

"लागू दे. तिच्या कमरंच्या मापानं बसव."

मी लाजले. खोटं कशाला बोलू, सुखावले. गॅरेजभर माणसांत नवरा बायकोच्या मापाची गाडी करून घेतोय, असं भाग्य आमच्या भावकीत कुणाच्या वाट्याला आलं होतं?

येताना यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "चालव तूच." खड्ड्यातून गाडी इतकी मऊ गेली की मी हसून त्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. तसं बघत बसण्यासारखं आमच्या माळावर काही नाही. आणि मग मिस्त्रीचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. रोज गाडी हे भरणार असते, तर माप माझं कशाला घेतलं असतं?

मी गाडी कडेला घेतली.

"आवं, नोकरीची मुदत वाढवून घेतलीसा न्हवं?"

 हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "दोन वरसं. बढती मिळतीया. पेन्शन वाढंल. सांगणारच हुतो."

मला रडू आलं आणि राग आला, राग आधी. "गाडी माघारी वळवते. पाटे हुते तसे बसवून घ्या."

"येडी का खुळी? मग कॅरेट कोन चढवंल?"

"कोन चढवंल, त्येच तर इचारतीया मी."

 पाठीमागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. मी डोळे पुसले, गिअर टाकला आणि गाडी घराकडंच नेली.

हे गेले. आता मी एकटीच गाडी भरते. कॅरेट उचललं की सरळ आत सरकतं, पाठीला कळत नाही. गावातली पोरं म्हणतात, काकी, तुमची गाडी मागनं बसली. बसू दे, म्हणते.

रविवारी यांचा फोन येतो. सगळं बोलून झालं की शेवटी विचारतात, "काय अडतंय का?"

"न्हाई. काय न्हाई," मी म्हणते, आणि ते खरंच असतं. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं म्हणतात. माझं अडत होतं हो. तेवढं एक तरी यांनी तसंच ठेवायला हवं होतं.