वहिनीचा डावा पाय

आमच्या वहिनीने आयुष्यात एकच हट्ट केला, आणि तो मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस समजायला नको.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. नव्या गाडीला हात लावायचा नाही. "ह्या कसल्या गाड्या, हे तर चाकं लावलेले मोबाइल," म्हणायचा. गॅरेज रस्त्याला लागून, मागे दोन खोल्यांचं घर आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लेथ मशीन. जागा दादाची, वीज दादाची, गिऱ्हाईकही दादाचंच. मी त्याच्या ताटाखालचं मांजर, आणि हे तो मला रोज ऐकवायचा.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आठव्या दिवशी दादाने तिला स्वयंपाकघरातून हाक मारली. "ए, हात पूस आणि इकडे ये. बस सीटवर."

त्या गाड्यांचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर नळीतून तेल पुढे ढकलतो, आणि त्या तेलाच्या जोरावर खालचा सिलिंडर क्लच सोडवतो, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटतं. नळीत हवा शिरली की पेडल नुसतं मऊ लागतं आणि गिअर पडत नाही. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने गाडीखाली झोपून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, ढिलं करायचं, दुसऱ्याने वर बसून पेडल दाबायचं. खालच्याने निपल आवळायच्या आत वरच्याने पाय उचलला, की गेलेली हवा परत आत. म्हणून खालचा ओरडतो, "दाब! धर! सोड!" आणि वरच्याने तेवढंच करायचं.

वहिनीने सव्वीस वर्षं तेवढंच केलं. भाजी चिरता चिरता उठायची, चप्पल काढून सीटवर बसायची आणि अनवाणी डाव्या पायाने पेडल दाबायची. काम जमलं तर दादाचा हात, फसलं तर वहिनीचा पाय. "पाय आहे की मुसळ?" गिऱ्हाइकासमोर ओरडायचा. "देव डोकं द्यायला विसरला, निदान पाय तरी धड द्यायचा होता!" गिऱ्हाईक हसायचं. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

पण त्या पायाला कळायला लागलं होतं. एकदा एका गाडीतून उतरून ती हळूच मला म्हणाली, "भाऊजी, ह्याचं पेडल वर फार मोकळं लागतंय, आणि मग एकदम पकडतंय." मी वाकून बघितलं, तर पेडलच्या दांडीचा नट ढिला. दादाने अर्धा दिवस गाडीखाली घालवला होता. मी नट आवळला आणि मूग गिळून बसलो. वहिनीच्या पायाला कळतं, हे दादालाही ठाऊक होतं. त्याशिवाय माणूस बायकोच्या पायावर इतका डूख धरत नाही.

मग हेडमास्तरांची गाडी आली. हेडमास्तर निवृत्त झालेले, गाडी त्यांच्याहून थकलेली, पण जीव तिच्यात. तक्रार अशी, की सिग्नलला क्लच दाबून थांबलं की जरा वेळाने गिअर पडेनासा होतो, रिव्हर्स तर करकर दात खातो. दादा खाली शिरला, बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. "खालचा सिलिंडर गेला," म्हणाला. खोटं नव्हतं ते, खालचा गळतच होता. दादाने त्याची रबरं बदलली. वरचा सिलिंडरही तितकाच जुना होता, पण त्याला दादाने हात लावला नाही. बाहेरून कोरडा आहे ना, मग ठीकच असणार.

वहिनीला हाक गेली. दाब, धर, सोड झालं, हवा निघाली, निपल आवळलं. वहिनी पाय दाबून तशीच बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "धरून ठेवलं की पेडल आपोआप खाली जातंय. हळूहळू. मी पाय हलवत नाहीये."

"हवा असेल थोडी."

"हवेसारखं नाही लागत. आणि खाली गळत नाहीये, तर मग वरच्यातच काहीतरी असेल ना?"

हेडमास्तर खो खो हसले. "काय हो, विद्यार्थी गुरूच्या पुढे गेला की!"

एवढं वाक्य पुरलं. दादा गाडीखालून बाहेर आला आणि हातातलं तेलकट फडकं त्याने वहिनीच्या तोंडावर मारलं. फेकलं नाही, मारलं. "आता तू शिकवणार मला? सुरू कर गाडी. पहिल्या गिअरला टाक आणि क्लच दाबून धर. मास्तर, बघाच तुम्ही, गाडी मुंगीएवढी हलली तर नाव बदलेन."

त्या गाडीच्या हँडब्रेकची केबल तुटलेली होती. चाकाला वीट लावलेली होती, ती दादाने लाथेने उडवली आणि स्वतः गाडीच्या पुढ्यात उभा राहिला. बॉनेट उघडं, त्याच्या पाठीमागे भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी टेबल. शिकाऊ पोरगासुद्धा असा उभा राहणार नाही. मी शेडच्या दारात होतो. बोलायला हवं होतं, पण दादाला गिऱ्हाइकासमोर टोकायची माझी काय बिशाद!

वहिनी मात्र बोलली. "अहो, बाजूला व्हा ना जरा."

"तू पाय चालव, तोंड नको."

दादा मोठ्याने आकडे मोजायला लागला. दहापर्यंत गाडी ढिम्म. पंधरा. हेडमास्तरांनी मान डोलावली. एकोणीसला गाडीने अंग उचललं आणि सरळ पुढे गेली.

हाड मोडल्याचा आवाज मी लिहू शकत नाही.

मी धावलो, दार ओढलं. इंजिन बंद पडलं होतं. वहिनीचा उजवा पाय ब्रेकवर होता आणि डावा क्लचवर. पेडल पार तळाला टेकलेलं, बोटं पांढरीफटक. "भाऊजी, मी धरलंय," ती म्हणत होती. "मी धरलंय हो, मी धरलंय." गिअर काढला, पण तिला उतरवून गाडी मागे ढकलायला मला तिचा घोटा धरून तो पाय पेडलवरून उचलावा लागला, इतका तो तिथे घट्ट बसला होता. हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.

दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर लेकीला, म्हणजे माझ्या पुतणीला, त्याने पहिलं वाक्य ऐकवलं, "तुझ्या आईने पाय उचलला." हेडमास्तरांनीही साक्ष दिली, "हो, बाईंचा पाय सटकला, मी समोरच होतो." समोर होते, कबूल. पण मध्ये उघडं बॉनेट होतं. बॉनेटपलीकडचं दिसत असतं तर आणखी काय हवं होतं!

सगळ्या गल्लीने ते मानलं. एकटी वहिनी मानेना. "माझा पाय हलला नाही," एवढंच म्हणायची.

दादाला घरी आणलं. वहिनी त्याची जखम धुवायची, त्याला उचलून संडासला न्यायची, चादरी बदलायची. दादाला तेवढं पुरेना. ताट आणलं की म्हणायचा, "आधी म्हण, चुकलं माझं." ती ताट हातात धरून उभी राहायची. तो ताट उलटं करायचा, ती फरशी पुसायची आणि दुसरं वाढून आणायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तो दादाचा होता की वहिनीचा, कोण जाणे. महिना झाला, दोन महिने झाले. पुतणी आली की आईच्याच मागे लागायची, "आई, म्हणून टाक ना एकदा! बाबांचा पाय गेलाय, तुझं काय जातंय?"

वहिनी म्हणायची, "माझं तेवढंच आहे गं."

हेडमास्तरांना गाडी परत हवी होती. ती पुरी करायचं काम माझ्याकडे आलं. मी वरचा सिलिंडर काढून लेथशेजारी उघडला. आतल्या रबराची कड नखाएवढी फाटलेली, सिलिंडरच्या आत ओरखडा. बाहेर थेंब गळणार नाही, पण पाय कितीही दाबून धरा, तेल फाटक्या कडेवरून मागे तेलाच्या डबीत जाणार आणि क्लच आपोआप पकडणार. वहिनी म्हणाली होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

मी ते रबर घेऊन दादाकडे गेलो. खोलीत तो एकटाच होता. त्याने ते बोटात धरलं, कडेवरून नख फिरवलं. त्याला कळायला क्षण लागला नाही, कितीही झालं तरी मेकॅनिक होता.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही."

"फेकून दे. नवीन टाक आणि गाडी दे मास्तरांना."

"दादा, पण वहिनी..."

"वहिनीचं काय? लोक माझ्या नावावर इथे येतात. मीच केलेल्या क्लचने माझाच पाय नेला, हे कळलं तर कुत्रं फिरकणार नाही. मग त्या लेथवर माश्या मारत बसशील का?" मग कूस वळवून म्हणाला, "आणि तिला सोसायची सवय आहे."

ते रबर मी गटारात टाकलं. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. आपल्या पायांनी चालत गेलो आणि टाकलं.

नवा सिलिंडर बसवला. हवा काढायची तर वर कुणीतरी बसायला हवं. मी हाक मारायच्या आधीच वहिनी आली, चप्पल काढली, त्याच सीटवर बसली. डावा पाय पेडलवर टेकवला. मी गाडीखाली झोपून हळू आवाजात दाब, धर, सोड म्हणत गेलो. हवा निघाली. मी निपल आवळलं. ती पाय दाबून बसून राहिली, बराच वेळ.

"भाऊजी," वरून आवाज आला, "आता जात नाहीये खाली."

मी पुसलेलं निपल पुन्हा पुसलं.

"तुम्ही वरचा उघडलात ना? काय निघालं आत?"

गाडीखालून मला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत असता तरी मी तेच बोललो असतो, इतकी मला माझी ओळख आहे.

"काही नाही गं वहिनी. रबर चांगलं होतं. सिलिंडर जुना म्हणून बदलला."

"फाटलेलं नव्हतं?"

"नाही."

"पण त्या दिवशी पेडल खाली जात होतं."

"तुला तसं वाटलं असेल."

मी खालून सरपटत बाहेर आलो, तर ती पाय सीटवर घेऊन तळव्याकडे बघत होती. "असेल," ती म्हणाली. "तुम्ही उघडून बघितलंय, म्हणजे असेल. मला आपलं वाटायचं, मला कळतं."

ती उतरली, चप्पल घातली आणि आत गेली. खिडकी उघडीच होती, मला सगळं ऐकू आलं.

"अहो, चुकलं माझं. पाय उचलला असेल मी."

"बरं," दादा म्हणाला. "पाणी आण."