तासाला आडवं

आमच्या बाबांच्या गळ्यात माळ होती. घरात अंडं शिजत नसे, अंगणात कोंबडीला जागा नव्हती. तरी थोरल्या भावाने बांबूच्या कमच्यांचं एक खुराडं विणलं होतं. लांबट, बिनबुडाचं, दोन्ही टोकांना धरायला दांडे. ते वावरात ठेवायचं. कोंबड्यांनी खालची माती उकरून किडे टिपले की पुढच्या ताज्या जागेवर ओढायचं. पुढे भाऊ तापाने गेला. खुराडं वहिनीने चालू ठेवलं. अंडी ती सेलूच्या बाजारात विकायची, त्यावर तिच्या लेकीची तिथली शाळा चालायची.

बाबांची अट एकच होती. "अंडे विक, मी पाह्यत नाई. पण माह्या वावरात रक्त सांडलं, त त्याच दिवशी खुराडं मोडीन."

मी वर्ध्याला नोकरीत होतो, सुट्टीला घरी यायचो. अशाच एका सुट्टीत वहिनी लेकीला घेऊन बाजाराला निघाली. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, पण वावरात ओळींचे तास तसेच होते, वरंबे आणि मधल्या सऱ्या.

"भाऊजी, ऊन चढलं का सरकवजा. तासाच्या सोबतच बरं, आडवं नोका करू."

"मले शिकवता काय वहिनी? याच वावरात वाढलो मी."

"वाढले. पण ओढलं कधी?" ती हसत गेली.

तासाच्या सोबत ठेवलं की खुराड्याच्या लांब कडा वरंब्यांवर टेकतात, फट राहते ती फक्त दोन टोकांना. तिथे ती पऱ्हाटीच्या काड्या कोंबायची. दुपारी कोंबड्या चोची वासून धापा टाकायला लागल्या. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या निंबाची सावली तासांवर आडवी पडली होती. मी खुराडं फिरवून तिच्यात बसवलं. आता प्रत्येक सरीवर कडेखाली एक भोक होतं. मला ती भोकं दिसली. न दिसल्याचं सोंग निदान इथे तरी करत नाही. जेवून येऊन बुजवू म्हटलं. जेवलो आणि आडवा झालो.

कलकलाटाने जाग आली. धावत पोचलो तेव्हा मुंगूस सरीतून निघून धुऱ्याच्या झुडपात शिरत होतं. काही कोंबड्या निपचित पडल्या होत्या, उरलेल्या एका कोपऱ्यात चिकटलेल्या. माती लाल झाली होती.

घराकडून बाबा आले. बसमधून उतरून वहिनीही तशीच वावरात आली, लेक तिच्या पदराला धरून.

"कोणं ठेवलं हे?" बाबांनी विचारलं.

वहिनीने खुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती थांबली. मी खाली वाकून पिसं गोळा करू लागलो. पिसं कोणाला हवी होती!

"मी विचारून राह्यलो!"

"खुराडं माहंच हाये, मामाजी," ती म्हणाली.

तिन्हीसांजेच्या आत बाबांनी खुराडं मोडलं. दुसरा दांडा धरायला मीच होतो. त्या बांबूंचा परसात वालाच्या वेलाला मांडव झाला. उन्हाळ्यानंतर पुतणी सेलूला गेली नाही, आईसोबत निंदायला जाऊ लागली. हिवाळ्यात त्या मांडवावरच्या शेंगांची भाजी वहिनी मला आग्रहाने वाढायची. मी खायचो.

बाबा जाऊन बराच काळ लोटल्यावर, परवा कधीतरी, ती शेंगा सोलत बसली असताना मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी खुराडं मी आडवं ठेवलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाये. मी कधी आडवं ठेवलं काय?"

"मग तवा बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही बोलान म्हणून वाट पाह्यली." मग टोपलं बाजूला सारत म्हणाली, "मले सांगून काय होते आता? पोरीले सांगजा."

पुतणी पवनारला दिलेली आहे. वर्ध्याला जाता-येता माझी बस तिथे थांबते. मी अजून उतरलेलो नाही.